रिकामी गाडी, सपाट उभी

जयवंत, तू गेल्यावर आपली गाडी परसातल्या मांगरात सपाट उभी होती. हे मी तुझ्याशिवाय कोणाला सांगू? दुसऱ्या कोणाला सांगितलं तर म्हणतील, गाडी सपाट उभी राहणार नाही तर काय माडावर चढणार? पण तुला लगेच कळेल. आपली गाडी रिकामी असताना कधीच सपाट नसायची. चालवणाऱ्याच्या बाजूने, म्हणजे उजवीकडून, ती जराशी उचललेली असायची, कारण तू ती स्वतःचं वजन धरून बसवली होतीस. तू आत बसलास की ती बाजू खाली यायची आणि मगच गाडी चारही पायांवर नीट उभी राहायची. त्यामुळे आपल्या घरात सपाट गाडीचा अर्थ एकच होता, की आत कोणीतरी बसलंय.

मला ती स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून दिसायची. घरात सुतक, पडवीत पाहुणे, मी चहाची भांडी विसळत उभी, आणि समोर मांगराच्या विणलेल्या झापांतून गाडीचा मागचा भाग. पूर्वी तिथे भाताचं गवत असायचं, आता तिथे तुझे जॅक, टायर आणि ती. मी डोळे बारीक करून बघायचे. उजवं, डावं, दोन्ही सारखं. मी विसळलेलंच भांडं पुन्हा विसळायचे आणि मांगराकडे जायचं टाळायचे.

तुझ्या आईंनाही काहीतरी जाणवलं होतं. एका दुपारी त्या माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "गो सुमन, मांगरात कोण आसा? माका टकटक ऐकाक येता."

"पाल असेल," मी म्हटलं.

"पाल अशी थांबान थांबान करता?"

ती टकटक मीही ऐकली होती. शॉकअपची कडक-नरम करायची गुंडी फिरवताना होते ना, तशी. गुंडीचं एक घर, मग दुसरं, मग विचार करायला थांबल्यासारखं, मग तिसरं. आंबोलीच्या बसस्टँडपाशी धुक्यात तू खाली वाकून शॉकअप नरम करायचास, कारण वर रस्ता कायम ओला, आणि मी आत बसून तो आवाज मोजल्यासारखा ऐकायचे. तो आवाज मला चुकणार नाही. पाल होती असं मी आजही म्हणते. तू तरी खरं सांग.

आपलं सगळं भांडण या एका गाडीपायी. लोकांच्या घरात दोन बायकांचं एका चुलीवर पटत नाही, आपलं दोघांचं चार स्प्रिंगांवर पटलं नाही. कसालला हायवेवर तुझं स्पेअर पार्टचं दुकान, मालवणात माझं ऑफिस, आणि गाडी एकच. आठवडाभर ती माझी, आणि घाटापलीकडचा शर्यतीचा ट्रॅक मिळेल त्या रविवारी तुझी. तुला ती कडक हवी. स्प्रिंग जाड, उंची कमी, चाकांची डोकी आत कललेली, पुढची चाकं बारीकशी बाहेर फाकलेली, म्हणजे वळणात नाक झपकन आत शिरेल. आणि मला त्याच गाडीतून खड्डे चुकवत ऑफिसला जायचं, येताना बाजारातून मासळी आणायची. फाकलेल्या चाकांनी गाडी सरळ रस्त्यावर वास घेणाऱ्या कुत्र्यासारखी डावी-उजवी हुंगत जायची. टायर आतल्या कडेने खाऊन टाकायची. बांगड्याचं पाणी पिशवीतून सांडून सीटखाली जायचं आणि वर तूच नाक धरून विचारायचास, "ह्यो वास खंयचो?"

"तुझ्या स्प्रिंगेचो," मी म्हणायचे.

शेवटी तू ती वर-खाली करता येणारी स्प्रिंग आणि घरं मोजून कडक-नरम करता येणारे शॉकअप आणलेस. भांडण मिटेल असं आपल्याला वाटलं. उलट आता भांडायला आणखी जागा झाली.

कुडाळला अलाइनमेंटचं मशीन आहे, तिथे जा, असं मी किती वेळा सांगितलं. तुझं उत्तर ठरलेलं. "मशीनवर गाडी रिकामी बघतत. रिकामी गाडी कोण चलवता?" म्हणून सगळं घरीच. माझ्या बाबांचा मासे पकडायचा तंगूस तू मागून आणलास. गाडीच्या दोन्ही बाजूंना चाकांच्या मध्यावर त्याच्या दोऱ्या समांतर ताणायच्या आणि रिमच्या पुढच्या-मागच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर बघायचं. गरीला लावायचं शिसं बांधून ओळंबा करायचा, म्हणजे चाक किती आत कललंय ते कळतं. बाबा एकदा येऊन बघून गेले आणि घरी जाऊन म्हणाले, जावई गाडी गळाला लावून बसलाय.

आणि हात घालण्यापूर्वी तुझं गाऱ्हाणं. देवळात गाऱ्हाणं चाललं की तू मागे उभा राहून मोबाइल बघणारा माणूस, पण मांगरात अगदी गावकरासारखा हात जोडायचास. "बा राखणदारा म्हाराजा, आज ह्या गाडयेक हात घालतंव. जी काय वाकडी चाका आसत ती सरळ कर रे म्हाराजा. जाणाऱ्याक नीट ने, येणाऱ्याक नीट हाड रे म्हाराजा." नेणं-आणणं सगळं राखणदारावर टाकून मग माझ्याकडे बघायचास. मी हसू दाबून "व्हय म्हाराजा" म्हटल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाहीस. आधी ती थट्टा होती. नंतर कधी तरी ती थट्टा राहिली नाही, पण आपण दोघंही तसं बोललो नाही.

तू बाहेर वाकून काम करणार, तर आत तुझ्या वजनाचं कोण बसणार? म्हणून ते पोतं आलं. मालवणहून समुद्राची वाळू आणलीस, काजू तोलायच्या काट्यावर आधी स्वतः उभा राहिलास, मग तेवढी वाळू भरलीस. सीट खराब होऊ नये म्हणून त्याला तुझा जुना निळा शर्ट घातलास आणि पट्टा लावून बसवलंस. आईंनी ते बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. लहानपणी तू आजारी पडलास तेव्हा त्यांनी आंगणेवाडीच्या देवीला नवस बोलून तुला गुळाने तोललं होतं. त्या म्हणाल्या, "माणसाचा वजन तोलून देवीक दितत. घरात ठेवूचा नसता." तू हसलास. मीही हसले, हे खरं आहे.

समुद्रकाठची पोर मी, आणि मलाही सुचलं नाही की ती वाळू धुतलेली नाही. पावसाळा लागला तसं पोतं घामेजायला लागलं. मीठ हवेतलं पाणी ओढतं. शर्टाच्या पाठीवर ओला डाग यायचा, सीटवर ओल उतरायची, आणि पोतं जड व्हायचं. श्रावणातलं तुझं सगळं सेटिंग दिवाळीला चुकीचं निघायचं. "पावसात तू सुटतोस," मी चिडवायचे. आंबोलीच्या त्या टपरीवर आठवतंय? ट्रॅकवर पुन्हा दोरी ताणायला लागेल म्हणून पोतं मागच्या सीटवर घेतलं होतं. धुकं इतकं की बाईने आपल्याला चहा दिला आणि काचेकडे बोट करून विचारलं, "मागे बसलेल्यांका नको?" घाट संपेपर्यंत तू हसत होतास. मी आरशात दोनदा मागे बघितलं होतं, ते तुला सांगितलं नाही.

एक वाद मात्र तसाच राहिला. गाडी एका माणसावर बसवायची की दोघांवर? तू म्हणायचास, ट्रॅकवर मी एकटाच असतो. मी म्हणायचे, रस्त्यावर आपण दोघं असतो, डावीकडे मी बसले की तुझी गाडी डावीकडे ओढते, मग माझंही पोतं कर. त्यावर तू म्हणालास, "तुका पोतो कित्याक होयो? तू खरीच आसस मगे." मी लाजले बिजले नाही. वाद टाळायची ही तुझी नेहमीची युक्ती, हे मला माहीत होतं. पण ते वाक्य मी जपून ठेवलं.

मग गेल्या हिवाळ्यात गाडी बिघडली. बिघडली म्हणजे काय, कोणाला दाखवता येईल असं काही नव्हतं. ट्रॅकवरून आलास आणि उजव्या वळणात नाक आत जात नाही म्हणालास. मग बुश बघितले, बॉलजॉइंट बघितले. मी नेहमीसारखी टायर आणि मडगार्डच्या मधल्या फटीत बोटं घालून बघितलं. तू आत बसलेला असताना दोन्हीकडे बोटं सारखी मावायची. त्या दिवशी उजवीकडे बोटं घालून वर आणखी जागा उरत होती.

"स्प्रिंग चढली काय रे?" मी विचारलं.

"स्प्रिंग बसता गो," तू म्हणालास. "चढना नाय."

आणि मग तू स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिलास. मी बोटं तशीच फटीत ठेवून बाहेर वाकलेली. घरातल्या आरशाने सांगितलं नाही, पट्ट्याच्या भोकांनी सांगितलं नाही, मला रोज बघूनही दिसलं नाही. गाडीला आधी कळलं होतं की तू हलका होत चालला आहेस.

तू काट्यावर उभा राहिलास, मग पोतं ठेवलंस. पोतं तुझ्याहून बरंच जड निघालं. "वाळूत पाणी शिरला," तू म्हणालास. हिवाळा होता, जयवंत. हिवाळ्यात ते पोतं सुकतं.

डॉक्टरांनी सांगितलं ते फार नंतर. तोवर तू मला काही कळू दिलं नाहीस, की तुलाच माहीत नव्हतं? हा प्रश्न मी तुला हॉस्पिटलात विचारला. "तुका आदी म्हायत होता?" तू खिडकीकडे बघत म्हणालास, "मागच्या बुशांचा कायतरी करूक होया." मला इतका राग आला की मी बाहेर जाऊन उभी राहिले. नवरा-बायकोत एवढं तरी सांगायचं असतं ना? माझ्याशी स्प्रिंगच्या जाडीवरून वर्षानुवर्षं भांडलास, आणि जे सांगायचं ते गिळून बसलास.

तपासणीला न्यायची पहिली वेळ आठवते. तुला आपल्याच गाडीत बसवलं, आणि हायवेला लागायच्या आत तू हात वर केलास. तुझ्याच स्प्रिंगांचे धक्के तुला सोसवेनात. मग भाड्याची व्हॅन बोलावली, मऊ, डुलत जाणारी, जिला तू जन्मभर पाळणा म्हणून नावं ठेवलीस. त्या दिवशी आपला वाद मी जिंकला. तू मागे आडवा, मी तुझ्या उशाशी. त्यानंतर गाडी मांगरातच राहिली, मी बसने ऑफिसला जायला लागले आणि मांगरात फिरकायचं कारणच उरलं नाही.

तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि मी मांगरात गेले. भर दुपार होती, पाऊस कोसळत होता, आत काळोखी. गाडीच्या भोवती तंगूस ताणलेला होता. चाकांपाशी शिसं लोंबत होतं, त्याला कोळ्याची जाळी. मागच्या काचेवर वाफ धरलेली. आणि चालवणाऱ्याच्या सीटवर कोणीतरी बसलेलं होतं, पाठ माझ्याकडे, पट्टा लावलेला.

मी मनात म्हटलं, पोतं आहे. तुझं पोतं, निळा शर्ट. आणि मनाची तयारी करून पुढे गेले. पण शर्ट निळा नव्हता. पिवळी ओढणी होती. माझी. बांधणीची, कडेला इस्त्रीने जळलेली, जी मी किती दिवस शोधत होते. आत मी बसले होते. माझ्या उंचीला सीट पुढे ओढलेली, आरसा माझ्या डोळ्यांना लावलेला, आणि मी बाहेर दोरीपलीकडे उभी राहून स्वतःकडे बघत होते. डावी सीट रिकामी होती.

तुझं पोतं कोपऱ्यात भिंतीला टेकलेलं होतं, घामाने थबथबलेलं. शर्ट पार काळा पडला होता.

दार उघडून मी त्या दुसऱ्या पोत्याला हात लावला. कोरडं होतं. या दिवसांत आपल्या घरात काडेपेटी कोरडी राहत नाही, पण ते पोतं कोरडं होतं. आतून जाड प्लॅस्टिक, तोंड शिवलेलं, आणि वाळू नदीची, धुऊन वाळवलेली. आधीची चूक तू दुरुस्त केली होतीस. हे वजन पावसात वाढणार नव्हतं आणि उन्हात घटणार नव्हतं.

आई मागून आल्या होत्या. आम्ही दोघींनी ते ओढत नेऊन काजूच्या काट्यावर ठेवलं. आकडा आला. मग आईंनी ते बाजूला सरकवलं आणि माझा दंड धरून मला काट्यावर चढवलं. तोच आकडा आला. काजूच्या हंगामात मला काट्यावर उभी करून "ह्या बियेचो भाव काय?" म्हणून हसत होतास, ते यासाठी.

म्हणजे तुला माहीत होतं. मला उत्तर हवं होतं ना, ते मिळालं. हंगामात, चैत्रात, मी तुझ्या औषधांच्या वेळा लिहून भिंतीवर चिकटवत होते आणि पुढल्या वर्षीच्या गोष्टी करत होते, तेव्हा तू माझं वजन भरून ठेवत होतास.

बाबलला मी दुसऱ्या दिवशी गाठलं. टायरच्या दुकानातला तुझा मित्र, तुझ्या बाराव्यालाही माझ्याकडे न बघता जेवून गेलेला. तो खाली बघत म्हणाला, "वयनी, माका सपथ घातल्यान. पाने मी फिरवलंय, जॅक मी मारलंय. पण दोरी तेनाच बघल्यान, खुर्चीत बसान. तुमी ऑफिसाक गेलात की तो माका फोन करी." मग थोड्या वेळाने म्हणाला, "गाऱ्हाणा पण घातल्यान. व्हय म्हाराजा म्हणाक माका सांगल्यान नाय. तो तसोच थांबलो जरा, आणि मगे माका म्हणालो, चल, कर सुरू."

आईंच्या मदतीने माझं पोतं परत सीटवर बसवून मी सगळं तपासून बघितलं. तू मला एवढं शिकवलंच आहेस. स्प्रिंग पातळ बसवल्या आहेत, गाडी उचलली आहे, चाकं जवळजवळ उभी, फाकवलेली अजिबात नाहीत, शॉकअप सगळ्यात नरम. मी जे जे मागत होते ते सगळं. कुठे म्हणून तुझा हट्ट ठेवला नाहीस. आणि वजन एकाचंच धरलंस, पण तुझं नाही. हा असा वाद संपवतात का रे? मला जिंकायचं नव्हतं. मला तू समोर हवा होतास, तोंड वाकडं करून माझ्या सेटिंगला पाळणा म्हणणारा.

तुझं पोतं आईंनी मांगरात राहू दिलं नाही. पडवीत त्यांच्या खाटेशेजारी आणून ठेवलं. मी म्हटलं, आई, तुम्हीच म्हणाला होतात ना, घरात ठेवायचं नसतं. त्या म्हणाल्या, "आता कोणाक भियाचा?" रात्री त्यांचा हात त्याच्यावर असतो. खाली जमिनीवर ओलीचं गोल वर्तुळ पडतं, ते त्या सकाळी फडक्याने पुसतात. पाऊस सरेल तसं ते सुकायला लागेल, हलकं होत जाईल. एकदा तू तसाच आमच्या डोळ्यांदेखत गेलास. पुन्हा बघायचं आहे.

काल दुपारी पाऊस उघडला. मी तंगूस गुंडाळून ठेवला, पोत्याचा पट्टा सोडला, मला ओढून बाहेर काढलं आणि त्या जागी मी बसले. सीट गार होती. आई पडवीतून ओरडल्या, "खंय चललंस?"

"सरळ जाता काय बघून येतंय," मी म्हटलं.

कसालच्या पुढे हायवेचा तो सपाट तुकडा, जिथे तू नेहमी मला हात सोडायला लावायचास. "खंय ओढता?" तू विचारायचास. आणि मी सांगायचे, डाव्याक, बारीकशी. दर वेळी ती ओढायचीच, इकडे नाही तर तिकडे, आणि आपण परत घरी जाऊन भांडत पान्यांना हात घालायचो. काल मी हात सोडले. खरं सांगते, मनापासून वाटत होतं की ओढावी. केसभर तरी ओढावी, डावीकडे, जिथे कोणी नव्हतं तिकडे. म्हणजे मी घरी जाईन, दोरी ताणीन, तुझ्या चुकीवर दोन दिवस चिडेन.

गाडी सरळ गेली. मोकळं स्टिअरिंग माझ्यासमोर आपसूक बारीक हलत होतं, डांबराच्या उंचवट्याप्रमाणे किंचित इकडे, किंचित तिकडे, आणि पुन्हा मध्ये, जसं कोणीतरी अगदी हलक्या हाताने धरलंय. मी डावीकडे बघितलं नाही. समोर बघत, तुझ्याच चालीत, मी गाऱ्हाणं म्हटलं. जी काय वाकडी चाका आसत ती सरळ कर रे म्हाराजा. जाणाऱ्याक नीट ने रे म्हाराजा. येणाऱ्याक नीट हाड, तेवढं मात्र माझ्या तोंडून निघालं नाही.

मग मी थांबले, तू थांबायचास तशी. गाऱ्हाणं तुझं आणि उत्तर माझं, असंच आपल्यात होतं. बाबलकडून तू ते म्हणवून घेतलं नाहीस. ते उत्तर चैत्रापासून माझ्याकडे बाकी होतं.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं, आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं.